दगडाच्या वर तू हात घातला नाहीस

सुलभा,

परवा महाडच्या कॉलेजात तुझ्यासाठी सभा झाली. पहिल्या वक्त्यानं तुझे शोधनिबंध किती, ते कोणकोणत्या देशांतल्या अभ्यासकांनी उद्धृत केले, हे कागदावरून वाचून दाखवलं. मग कागद खाली ठेवून तो म्हणाला, पोलादपूरच्या डोंगरात खेकड्याची नवी जात शोधून तिला इथल्याच एका बाईचं नाव देणारी शास्त्रज्ञ म्हणून सुलभा पार्टे कायम ओळखल्या जातील. टाळ्या पडल्या. ही शोकसभा आहे, हे क्षणभर सगळेच विसरले.

तू तिथे असतीस तर उभी राहून म्हणाली असतीस, ती जात नवी नव्हती आणि ते मीच छापून सांगितलं आहे. वक्त्याला मी दोष देत नाही. तुझ्या यादीत दोन्ही निबंध आहेत. एकात तू त्या खेकड्याला नाव दिलंस, दुसऱ्यात ते काढून घेतलंस. पहिल्याचा उल्लेख जगभर झाला, दुसऱ्याचा फार थोड्यांनी केला. जे जास्त ठिकाणी सापडलं ते वक्त्यानं वाचलं.

त्या दोन निबंधांच्या मध्ये काय घडलं ते मी पाहिलं आहे. ते लिहू नकोस असं तू मला सांगितलं होतंस. तरी लिहिते आहे. का, ते शेवटी येईल.

तू मुंबईहून रेल्वेनं वीरला उतरायचीस, रिक्षानं महाडला माझ्याकडे यायचीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पोलादपूर गाठायचो. तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागायचं, घाटातल्या एका वळणावर उतरायचं आणि डोंगर चढायचा. वर ती वाडी. म्हशी, शेळ्या, उतारावरचे नाचणी-वरीचे तुकडे आणि उन्हाळ्यातही न आटणारा एक झरा. वाडीचं नाव इथे लिहीत नाही. मी बातमीच्या निमित्तानं एकदा तुझ्याबरोबर आले आणि मग येतच राहिले.

पहिल्याच दिवशी धोंडामावशी भेटली. तू ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होतीस आणि ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन काठावर. वाडीत खेकड्याला मुठा म्हणतात. तू मुठा धरायचीस, उलटा करायचीस, भिंगातून बघायचीस आणि बहुतेक वेळा परत पाण्यात सोडायचीस. मावशी भारा न उतरवता हे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "धरतेस नि सोडतेस. घरात मीठ-मसाला नाय काय गो?"

तू तिला सरळ सांगितलंस की खेकड्याची जात पाठीवरून नक्की ओळखता येत नाही. नराच्या पोटाशी दुमडलेल्या झाकणाआड अवयवांची एक जोडी असते, तिच्या टोकाचा आकार बघावा लागतो. मावशीनं भारा खाली टाकला आणि वाडीतल्या दोघी-तिघींना हाका मारून बोलावलं. तू तेच त्यांना पुन्हा सांगितलंस, त्याच सुरात, वर्गात शिकवावं तसं. त्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. एवढी शिकली आणि हे बघायला मुंबईहून डोंगर चढून आली, असं त्यांचं म्हणणं पडलं. मावशीनं मात्र भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, प्रत्येकाचं वेगळं असतं का. जातीजातीचं वेगळं, तू म्हणालीस. "आमच्या टायमाला भिंग नव्हतं, नायतर सोयरीक बघूनच केली असती," असं म्हणून मग तीही हसली.

त्याच दिवशी तिनं तुला वाडीचा नियम सांगितला. झऱ्याच्या उगमाशी सातीआसरांचे, पाण्याच्या देवतांचे, शेंदूर लावलेले दगड आहेत. दगडांच्या खाली ओढ्यात कोणीही मुठे धरावेत, दगडांच्या वर पाण्यात हात घालायचा नाही. तिथलं पाणी आणि तिथले मुठे आसरांचे. तू मान डोलावलीस, आणि त्यानंतर दगडांच्या वर तू कधी वाकलेलीसुद्धा मी पाहिली नाही. एकदा पुण्याहून आलेला तुझा एक सहकारी जाळी घेऊन वर निघाला होता. वर चांगले मोठे दिसताहेत, असं तो म्हणत होता. तू त्याला हाक मारून खाली घेतलंस आणि कारण विचारल्यावर एवढंच म्हणालीस, "आपल्याला इथपर्यंतच परवानगी आहे."

खालच्या ओढ्यात तू काही हंगाम काम केलंस. तिथल्या नरांच्या अवयवाचं टोक आधी नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हतं. तू नवी जात म्हणून निबंध लिहिलास आणि नाव ठेवलंस धोंडामावशीच्या नावावरून, लॅटिनच्या नियमाप्रमाणे थोडं वळवून, 'धोंडाए'. त्यापुढे रीतीप्रमाणे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल.

बातमी मी दिली. आमच्या पेपरच्या मुंबईच्या डेस्कनं मथळा केला, 'जगात फक्त पोलादपुरात!' सकाळी तुझा फोन आला. आतापर्यंत फक्त इथे सापडला, असं निबंधात आहे, खुलासा छापा. खुलासा छापून आला, आतल्या पानावर, चार ओळींचा. तू विचारलंस, मथळा किती जणांनी वाचला असेल आणि खुलासा किती जणांनी. मी म्हटलं, असा हिशेब आमच्याकडे कोणी ठेवत नाही.

"आमच्याकडे ठेवतात," तू म्हणालीस.

तेव्हा मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. पुढे तू दाखवलंस. संगणकाच्या पडद्यावर तुझ्या प्रत्येक निबंधापुढे एक आकडा असायचा, तो दुसऱ्या किती जणांनी उद्धृत केला याचा. 'धोंडाए'चा आकडा सगळ्यांत मोठा होता आणि वाढत होता. सह्याद्रीतल्या खेकड्यांवर कोणीही काही लिहिलं की तुझा निबंध त्यात यायचा. नेमणूक, पुढची पदं, परदेशातली आमंत्रणं, सगळ्यांत तो पहिल्या ओळीत असे.

वाडीतही त्याचा परिणाम झाला, तो कुठल्याही आकड्यात आला नाही. मावशीनं बातमीचं कात्रण काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावलं. आणि खालच्या ओढ्यातले मुठे धरायला वाडीला बंदी केली. कालवण करायचं तर पलीकडच्या ओढ्यातून आणा. मावशी वाडीत वयानं सगळ्यांत मोठी, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. तिची सून तुझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. "सासूबाय म्हणतात, आपल्या नावाचं आपणच कसं खायचं? आता मुठ्यासाठी डोंगर उतरून जातोय आम्ही. तुमीच समजवा." तू तेव्हा खूप हसली होतीस.

त्यानंतर काही वर्षांनी आपण पुन्हा वर गेलो. मावशी आपल्याबरोबर ओढ्यावर आली, काठावर बसली आणि अभिमानानं सांगायला लागली की बघ कसे पोसलेत माझ्या नावाचे. खरोखरच पोसले होते. आधी तिथे इतके मोठे मुठे कधी मिळाले नव्हते, कारण जरा मोठा दिसला की तो वाडीच्या चुलीवर जात असे. तू एक उलटा केलास, भिंग लावलंस. तो सोडलास, दुसरा घेतलास. मग तिसरा. तुझा चेहरा बदलला नाही, पण तू बोलायची थांबलीस.

"काय गो, गप का झालीस?" मावशीनं विचारलं.

"मोठे झालेत मावशी," तू म्हणालीस.

पोलादपूरला उतरल्यावर चहाच्या टपरीवर तू मला सांगितलंस. खेकडा पूर्ण वाढला की त्या अवयवाचं टोक बदलतं. तू ज्यांना नवी जात म्हटलं होतंस ते न वाढलेले नर होते. पूर्ण वाढलेला नर हुबेहूब एका जुन्या जातीसारखा होता. त्या जातीला फार पूर्वी एका परदेशी साहेबानं नाव देऊन ठेवलं होतं. तुझ्या हातात कधी पूर्ण वाढलेला नर आलाच नव्हता. खालचे मोठे वाडी खात होती आणि वरचे मोठे दगडांच्या पलीकडे होते. मावशीला मान मिळाला नसता तर तिनं बंदी केली नसती, बंदी झाली नसती तर मुठे वाढले नसते, आणि ही चूक कदाचित कोणाच्याच लक्षात आली नसती. हे सगळं तू चहा गार होईपर्यंत, एखाद्या दुसऱ्याच माणसाच्या निबंधाबद्दल बोलावं तसं सांगितलंस.

मी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे? आज मी एकटी, तू म्हणालीस. संग्रहालयातला जुना नमुना बघून खात्री करीन आणि मग लिहीन. मी म्हटलं, खात्री कर, पण छापायची घाई करू नकोस. मावशीचं वय झालं आहे, ती असेपर्यंत थांब. तू म्हणालीस, तोपर्यंत जे लोक हे नाव वापरतील त्यांना मी काय सांगू?

खात्री करण्यात बराच काळ गेला. त्याच सुमारास तुझी एका मोठ्या पदासाठी मुलाखत होती. अर्जातल्या यादीत 'धोंडाए'चा निबंध पहिला होता. तू त्याच्यापुढे लिहिलंस की या निष्कर्षाशी मी आता सहमत नाही. पद दुसऱ्याला मिळालं. कशामुळे, ते निवड मंडळानं सांगितलं नाही. दोन गोष्टी जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी त्या जोडत नाही.

आपलं खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. नव्या निबंधाचा मसुदा तू मला वाचायला दिलास. त्यात लिहिलं होतं की पहिलं नाव अपुऱ्या नमुन्यांवर दिलं गेलं आणि ती जबाबदारी लेखिकेची आहे. मी म्हटलं, नमुने अपुरे का राहिले ते लिही. दगडांचा नियम होता, तू तो पाळलास, हे एका वाक्यात येईल. कारण गाळलेली बातमी अर्धी असते. तू ऐकलं नाहीस. ते वाक्य आलं की वाचणारा म्हणेल, गावाच्या अंधश्रद्धेनं संशोधन अडवलं. आणि पुढचा जो कोणी येईल तो नमुन्यांच्या बाटल्या घेऊन थेट दगडांच्या वर जाईल, कारण मोठे तिथेच आहेत हे मीच त्याला सांगितलेलं असेल. "मी बघितलं नाही, तरी नाव दिलं. एवढं खरं आहे आणि एवढं पुरे आहे." आपण हा वाद फोनवर, माझ्या घरी, एकदा वीरच्या फलाटावर गाडी येईपर्यंत घातला. तो मिटला नाही.

निबंध छापून येण्याआधी तू मावशीला सांगायला वर गेलीस. मी बरोबर होते. मावशीनं पाट दिला, पाणी दिलं. तू फिरवून-फिरवून काही बोलली नाहीस.

"म्हंजे त्या मुठ्याचं नाव माझं नाय आता?"

"नाही मावशी."

"मग कुणाचं?"

"आधी एका साहेबानं दिलेलं आहे. तेच राहणार."

"तो साहेब हाय कुठं?"

"तो कधीच वारला."

"मेलेल्याला काय कळतंय? मी जिती हाय."

तू म्हणालीस, म्हणूनच मावशी, तुला आधी सांगायला आले. मग तू तिला समजावायला गेलीस की शास्त्रात दिलेलं नाव कधी पुसलं जात नाही, जुन्या नावाच्या खालच्या ओळीत ते कायम छापलं जातं. मावशीला खालची ओळ तर अजिबात पसंत पडली नाही. वर मेलेला साहेब आणि खाली मी? बारसं करून दिलेलं नाव परत कोण नेतं, असं ती सुनेला, शेजारणीला, दारातल्या म्हशीलासुद्धा विचारत राहिली. तुझ्याकडे बघून मात्र बोलली नाही. आपण उठलो तेव्हा तिनं काचेतलं कात्रण काढून तांदळाच्या कणगीमागे टाकलं.

नंतर तू दोनदा गेलीस. दोन्ही वेळा सून बाहेर येऊन म्हणाली, सासूबाय म्हशींकडे गेल्यात. मावशी आत चुलीपुढे बसलेली दारातून दिसत होती. तू ओढ्यावर काम करून खाली आलीस.

दुसऱ्या निबंधाचं पुढे काय झालं ते तुला माहीत होतं. तुमच्याकडे ज्याचा हिशेब ठेवतात ते तू रोज बघत होतीस. पहिल्याचा आकडा वाढतच राहिला, दुसऱ्याचा जेमतेम हलला. माझ्या डेस्कचा मथळा आणि माझा चार ओळींचा खुलासा यांच्यासारखंच हे होतं. फरक एवढाच की मी खुलासा छापून मोकळी झाले आणि तू झाली नाहीस. कुठल्याही देशात कोणी 'धोंडाए' नवी जात म्हणून उद्धृत केली की तू त्या माणसाला ईमेल करायचीस. हे नाव आता ग्राह्य नाही, कृपया जुनं वापरावं, माझा दुसरा निबंध पाहावा. तुझा एक सहकारी थट्टेत म्हणाला होता, "मॅडम, लोक सायटेशन वाढवायला मित्रांना फोन करतात. तुम्ही कमी करायला अनोळखी माणसांना गाठता." शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले तेव्हाही उशाशी लॅपटॉप उघडा होता आणि तू कोणा परदेशी तरुणाला तेच लिहीत होतीस, नेहमीच्याच नम्र भाषेत. माझ्या कामात मी मोठी म्हणवणारी बरीच माणसं जवळून पाहिली. स्वतःच्या सगळ्यांत गाजलेल्या कामाच्या मागे, ते खोटं ठरवण्यासाठी, इतकी वर्षं चालणारं दुसरं कोणी पाहिलं नाही. त्या दिवशी मी खुर्चीत बसून तू टाइप करतेस ते बघत राहिले.

तू गेल्यावर, सभेच्या आधी, मी वाडीवर गेले. कोणीतरी मावशीला सांगायला हवं होतं.

ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी सांगितलं तेव्हा सूप थांबलं नाही. कशानं, असं विचारलं. मी आजाराचं नाव सांगितलं. मग तिनं विचारलं, माझ्यावर राग धरून गेली काय? मी म्हटलं, राग तुझा होता मावशी, तिचा नव्हता. यावर ती पाखडतच राहिली.

"एवढी हुशार बाय, चुकली कशी? त्या दिवशी मी इचारलंच नाय. नुसती भांडले."

हे मावशीला सांगू नकोस, असं तू मला म्हणाली होतीस. मी एवढंच म्हटलं की खालचे मुठे तेव्हा लहान होते.

"मोठे वर होते," मावशी म्हणाली, आणि सूप थांबलं. "वर हात घालू नको, असं मीच सांगितलेलं."

मी खाली नाचणीकडे बघितलं. त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

"मागायचं होतं," ती म्हणाली. "मावशी, एक डाव बघू दे, म्हणाली असती, तर आसरांपुढं नारळ ठेवून मी माझ्या हातानं काढून दिला असता. एक मुठा. मागायचं होतं एकदा."

हे मीही तुला विचारलं होतं, त्याच पोलादपूरच्या टपरीवर. तू काय म्हणाली होतीस ते मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणाली होतीस, "मागितलं असतं तर तिनं नाही म्हटलं नसतं. म्हणून मागायचं नाही."

मावशीनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. वाऱ्यानं फोलपटं ओट्यावर पसरली होती, ती तिनं हातानं गोळा केली.

"हे लिवलंन काय तिनं कुठं?"

नाही, मी म्हटलं. मावशी, तुझ्यावर आणि वाडीवर बोल येईल म्हणून नाही लिहिलं.

"माझ्यावर येऊ दे. मी हाय उत्तर द्यायला. ती नाय आता." मग थोड्या वेळानं, "तू पेपरात लिवतेस ना? तू लिव. वाडीचं नाव नको घालू, म्हंजे कोण वर जायचं नाय. पण चूक तिच्या एकटीच्या नावावर नको."

सुलभा, तू नको म्हणाली होतीस. मावशीनं लिव म्हटलं. आपल्या वादात तिसऱ्या माणसाला आपण कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारायला हवं होतं ते तिलाच. म्हणून हा खुलासा: ज्या नमुन्यांवर 'धोंडाए' हे नाव दिलं गेलं ते अपुरे होते, कारण दगडाच्या वर हात घालू नये असं तुला सांगितलं होतं, आणि तू घातला नाहीस.